वहिनींना नमस्कार

सरकारी कागदोपत्री मी एका बाईची पत्नी आहे.

बायको एका सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागली तेव्हा तिच्यापुढे जो वारसनोंदीचा फॉर्म आला, त्यात 'कर्मचाऱ्याच्या पत्नीचे नाव' एवढा एकच रकाना होता. तिने कारकुनाला विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, रकाना आहे तो भरावाच लागतो." तिने भरला. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सुवाच्य अक्षरात. पुढे तिची बढती झाली, बदल्या झाल्या, ती निवृत्तही झाली, पण तो कागद कुणी बदलला नाही. हा किस्सा मी कितीतरी लग्नांच्या पंगतींत सांगून टाळ्या घेतल्या आहेत. आपल्याला कागदावर बायको करून ठेवलं तरी हा गृहस्थ खुशाल हसतो, म्हणजे केवढा पुढारलेला, असं समोरच्याला वाटावं अशी त्यात योजना असायची.

धंद्याने मी माहितीपुस्तिका लिहितो. मिक्सरच्या खोक्यात थर्माकोलखाली चौपदरी घडी घातलेला जो कागद असतो, तो माझा. गिझर, इन्व्हर्टर, फवारणी पंप, पाण्याची मोटार असं बरंच काही मी मराठीत आणलं आहे. माझं लेखन महाराष्ट्रात घरोघरी पोचलं आहे आणि घरोघरच्या रद्दीत गेलं आहे.

सुरुवातीच्या काळातली पापं कबूल करून टाकतो. मिक्सरची पहिली पुस्तिका मी 'गृहिणींनो' अशी हाक मारून सुरू केली होती आणि अर्थिंगच्या परिच्छेदाशी येताच 'घरातील जाणत्या पुरुषाने' अशी कूस बदलली होती. चटणी बाईची, करंट बाप्याचा. ती पुस्तिका घरी आली तेव्हा बायको स्टुलावर उभी राहून आमच्याच घरातला फ्यूज बदलत होती आणि घरातला जाणता पुरुष खाली बॅटरी धरून उभा होता.

मग मी सुधारलो, आणि नव्याने माळ घातलेला माणूस शेजाऱ्याच्या ताटातला रस्सा हुंगत फिरतो तसा लोकांच्या वाक्यांतली लिंगं हुंगत फिरायला लागलो. सोसायटीच्या नोटिशीत 'चेअरमन' दिसलं की लाल पेन काढायचो. एम.सी.सी.ने २०२१ च्या सप्टेंबरात क्रिकेटच्या नियमांतला 'बॅट्समन' काढून 'बॅटर' केला, तेव्हा मी चार जणांना फोन करून सांगितलं की बघा, आपला 'फलंदाज' पहिल्यापासून कसा सोवळा आहे. तो पुरुषही असू शकतो, बाईही. (चौघांपैकी तिघांनी स्कोअर काय झाला ते विचारलं.) भाषणांची आमंत्रणंही यायला लागली. भाषणात माझे तीन किस्से ठरलेले. पहिला सुधा मूर्तींचा. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत 'स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये' अशी ओळ वाचून त्यांनी, तेव्हाच्या सुधा कुलकर्णींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं आणि नोकरी घेतली. दुसरा मोबाइलमधल्या भाषांतर-यंत्राचा. त्याला इंग्रजीतून डॉक्टर दिला की ते 'आला' म्हणायचं आणि नर्स दिली की 'आली'. तिसरा किस्सा हलकाफुलका, हशा पिकवायला ठेवलेला. कोल्हापूरच्या मुली 'मी येते' न म्हणता 'मी येतो' म्हणतात, तेव्हा बोलतंय कोण हे बघायला मान वळवावी लागते.

हा तिसरा किस्सा लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

तर गेल्या वर्षी कोल्हापूरच्या एका कारखान्याचं काम आलं. पिठाच्या गिरण्या. पट्ट्यावर चालणाऱ्या, दगडाच्या, गावात मारुतीच्या देवळाशेजारी पत्र्याच्या खोलीत असते तसल्या. त्यांच्या बऱ्याच गिरण्या बायकांच्या बचत गटांकडे जात होत्या आणि बरोबर जायची ती पुस्तिका तीस वर्षांपूर्वीची. तिच्यात प्रत्येक वाक्याचा कर्ता 'गिरणीवाला' होता. ती नव्याने लिहायची होती.

तांत्रिक माहिती द्यायला कारखान्याने एका इंजिनिअरांचा नंबर दिला. नावाची दोन आद्याक्षरं आणि आडनाव. ते आडनाव सांगण्यात अर्थ नाही. कोल्हापुरात दगड भिरकावला तर तो त्याच आडनावाच्या दारावर पडतो. व्हॉट्सॲपवर फोटोच्या जागी जात्याचं चित्र. मी फोन केला तो उचलला गेला नाही. पाठोपाठ संदेश आला :

"सर, शॉपमध्ये आवाज लई असतोय. मेसेज करा. मी रात्री बघतो."

झालं. 'बघतो' म्हणजे बाप्या. अहो, मराठीतलं क्रियापद आहे ते! इंग्रजीत माणूस आडपडद्याने बोलू शकतो. आपल्याकडे 'जातो' म्हटलं की गेला तो आणि 'जाते' म्हटलं की गेली ती. माझ्या कपाटात मोरो केशव दामल्यांचं १९११ चं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आहे आणि त्यातला प्रयोगविचार मी दोनदा वाचला आहे. क्रियापदावरून कर्ता ओळखण्यात मला कोण हरवणार?

पुढचे सात महिने आमचा पत्रव्यवहार चालला. "साहेब, पुलीचा व्यास?" "पाठवलोय." "साहेब, दगडाला टाकी किती दिवसांनी?" "दळण किती हाय त्यावर. उद्या लिहून देतो." माझ्या प्रत्येक संदेशाचा शेवट शिष्टाचाराला धरून व्हायचा : 'वहिनींना नमस्कार सांगा.' त्यावर न चुकता अंगठा यायचा. एकदा तर 'सांगितलोय' असंही आलं. काय सज्जन मनुष्य, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा.

आता पुस्तिकेकडे वळतो, कारण तिच्यावर मी जी मेहनत घेतली तेवढी ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीवर झाली असेल नसेल.

प्रश्न असा की 'गिरणीवाला' काढायचा तर आणायचं कोणाला? 'गिरणीवाली' हा शब्द कानाला बरा लागेना, आणि का लागेना याचा विचार मी तेव्हा केला नाही. 'चालक' घेतला. मग त्याच्याशेजारी 'चालिका' बसवली आणि मध्ये तिरकी रेघ मारली. पहिलं वाक्य तयार झालं : 'चालक/चालिका नवीन असल्यास तो/ती पूर्ण शिकेपर्यंत त्याला/तिला गिरणीत एकटा/एकटी सोडू नये.' अशी ४० पानं. अक्षरजुळणी करणारा मुलगा गुणी आहे, तोंडावर काही बोलत नाही. त्याने फक्त विचारलं, "सर, हे अपूर्णांक असेच ठेवायचे?" मी पान हातात घेतलं. खरंच, सगळीकडे अंशस्थानी पुरुष आणि छेदस्थानी बाई. मी रातोरात उलटं करून दिलं. मग नुसती गिरणी उलटी चालल्यासारखी दिसायला लागली.

रेघा काढल्या आणि कायद्याचा आडोसा घेतला. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात, कलम १३ मध्ये, सोय करून ठेवलेली आहे : पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश धरावा. १८६० च्या दंडसंहितेतही तेच होतं, कलम ८. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी सर्वनाम 'तो'च राहिला. फक्त त्या 'तो'च्या पोटात आता तृतीयपंथीयांचाही समावेश झाला. दीडशे वर्षं अख्खा देश ज्या 'तो'मध्ये मावला त्यात एक गिरणी मावायला काय हरकत? मी पहिल्या पानाच्या तळाशी टीप टाकली : 'या पुस्तिकेतील पुल्लिंगी उल्लेखात स्त्रियांचाही समावेश समजावा.'

बायकोने टीप वाचली. "समजावा म्हणजे कुणी समजायचं?"

"वाचणाऱ्याने."

"वाचणाऱ्या बायका आहेत म्हणालास ना? म्हणजे लिहिणार तू आणि समजून घ्यायचं काम पुन्हा आमच्याकडेच." ती टीप काढली.

मग दामले उघडले, आणि मध्यरात्री मला साक्षात्कार झाला. मराठीत कर्ता लपवायची जागा आहे! 'चालकाने पट्टा ताणला', 'चालिकेने पट्टा ताणला'. क्रियापद पट्ट्याचं ऐकतं, माणसाचं नाही. कर्मणी प्रयोग. आणि 'ताणला गेला' म्हटलं तर चालकाचं नावही घ्यायला नको. मी झपाटल्यासारखा लिहीत सुटलो. 'धान्य ओतले जाण्यापूर्वी दगडांमधील अंतर तपासले गेलेले असावे.' 'पट्टा योग्य प्रमाणात ताणला गेलेला असल्याची खात्री करण्यात यावी.' ४० पानांत एकही माणूस शिल्लक ठेवला नाही. ना तो ना ती. गिरणीत मनुष्यवस्तीच नाही. धान्य आपोआप ओतलं जातंय, पीठ आपोआप भरलं जातंय, आणि काही बिघडलंच तर कुणाची चूक तेही कळायला मार्ग नाही.

बायकोने दोन पानं वाचली आणि म्हणाली, "दळण आहे की पंचनामा?"

पण मी खूश होतो. एक गोष्ट मात्र साहेबांशी वाजली. त्यांनी पाठवलेल्या सुरक्षेच्या सूचनांत लिहिलं होतं की पदर खोचून घ्यावा, वेणी आत घालावी, बांगड्या मागे साराव्यात. मला हे जुनाट वाटलं. एक पुरुष इंजिनिअर टेबलाशी बसून बायकांना पदर सावरायला सांगतोय! मी ते सगळं काढून 'सैल कपडे घालू नयेत' असं सर्वसमावेशक वाक्य टाकलं आणि साहेबांना मोठ्या मनाने समजावलं, "साहेब, पदर, बांगड्या असे उल्लेख आजकाल बरे दिसत नाहीत. बायकांना अपमानास्पद वाटतं." बऱ्याच वेळाने उत्तर आलं :

"पट्ट्याला बरं-वाईट कळत न्हाई सर. छापायच्या आधी एकदा इकडं येऊन जावा."

पुरुषी हेकटपणा, दुसरं काय. मी निघालो. बरोबर साहेबांसाठी बाकरवडी आणि वहिनींसाठी खणाचा ब्लाउजपीस.

स्वारगेटवरून एसटी पकडली. कंडक्टर बाई होत्या. तिकीट फाडता फाडता एका आजोबांना सुट्ट्यांवरून झापत होत्या. त्यांच्या आसनावर पाटी होती : 'वाहक'. मी साताऱ्यापर्यंत त्या पाटीवर चिंतन केलं. 'वाहिका' करावं तर आधी रुग्णवाहिका डोळ्यापुढे येते. पुढे कराडपर्यंत 'वायरमन'चं काय करायचं यावर डोकं चालवलं. शेजारच्या काकू अर्ध्या तिकिटात झोपल्या होत्या. २०२३ च्या १७ मार्चपासून बायकांना ती सवलत आहे आणि त्यासाठी त्यांना कुठलंही सर्वनाम बदलावं लागलेलं नाही.

कारखाना उद्यमनगरातल्या एका बोळात होता. दारात एक म्हातारबाबा लोखंडी पट्ट्या मोजत होते. मी विचारलं, "साहेब आहेत का?"

"हायत की. आत जावा."

बघा म्हणजे. 'आहेत'. वर्तमानकाळ, आदरार्थी बहुवचन, लिंगाचा पत्ता नाही. हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. मला मात्र ते साहेब असल्याचा आणखी एक पुरावा वाटला.

आत लेथचा आवाज, जळक्या तेलाचा वास. मध्यभागी एक गिरणी चाचणीला उभी होती आणि तिच्या बुडाशी निळा कोट घातलेली एक बाई उकिडवी बसून मोटारीच्या पुलीपासून वरच्या पुलीपर्यंत दोरा ताणून एका डोळ्याने बघत होती. पुल्या एका रेषेत नसल्या की पट्टा उतरतो. त्यासाठी असा दोरा लावतात, हे मी स्वतः पुस्तिकेत लिहिलं होतं ('दोरा लावला जावा'). मी जवळ जाऊन अत्यंत सुसंस्कृत आवाजात म्हटलं :

"ताई, साहेब आलेत का? पुण्याहून आलोय म्हणून सांगा. आणि चहा मिळाला एक कप तर बरं होईल. साखर कमी."

त्यांनी आधी दोरा बघितला. नट आवळला. मग कापसाच्या बोळ्याला हात पुसत माझ्याकडे बघितलं.

"बसा तिथं. सांगतो."

'सांगतो' म्हणाल्या हो! माझ्या कानांनी ऐकलं. भाषणातला तिसरा किस्सा जिवंत होऊन माझ्यापुढे उभा होता आणि मी खुर्ची शोधत होतो. चहा आला, साखर कमी. तो पिता पिता मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. दहा मिनिटांनी हात धुऊन त्याच बाई आल्या. काखेत फाइल, फाइलीत माझी पुस्तिका, पुस्तिकेवर लाल पेन्सिल.

"साखर बरोबर हाय न्हवं? बोला सर. आलोय मी."

अशा वेळी माणसाने काय बोलावं यावर दामल्यांनी काही लिहिलेलं नाही. क्षमा मागावी, गप्प बसावं, फार तर बाकरवडी पुढे करावी. मी म्हणालो, "अरे वा! तुम्ही इंजिनिअर? छान, छान!" पहिली आलेल्या पुतणीला म्हणतात त्या सुरात. तेरा वर्षं गिरण्या बनवणाऱ्या बाईचं मी कौतुक केलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मला मुखपृष्ठ आठवलं. तिथे मी 'तांत्रिक मार्गदर्शन : श्री.' असं लिहून त्यापुढे त्यांचं नाव घातलं होतं. मी घाईने पेन काढून श्री खोडला आणि विचारलं, "मग सौ. लावू की कु.?"

"श्री लावला तवा विचारला न्हवता," त्या म्हणाल्या, "लगीन झालंय का म्हणून."

मी पेन खिशात ठेवलं. नाव नुसतंच राहिलं, आणि कसं कोण जाणे, नुसतं नावच जास्त इंजिनिअरसारखं दिसायला लागलं.

मग लाल पेन्सिल चालली. दोन तास. आधी 'सैल कपडे' हे दोन शब्द.

"ह्यात पदर कुठं हाय?"

"काढला. म्हणजे, सैल कपड्यांत तो आलाच."

"न्हाई येत. बायका वाचतात आणि म्हणतात, आमचं कुठं सैल हाय, लुगडं तर चापून-चोपून नेसलोय. पदराला कोण कपडा धरतंय व्हय? आणि पट्टा नेमका तेवढाच धरतोय." त्यांनी ओळ खोडून स्वतः लिहिली : पदर, ओढणी, वेणी, मफलर, उपरणं, लांब बाही. काहीही लोंबतं ठेवू नका. "मफलर म्हाताऱ्यांसाठी घाला. गेल्या हिवाळ्यात एका आजोबांचा गेला. मफलर गेला, आजोबा हायत."

मग चित्रं. चित्रकाराला मी यादी दिली होती : 'एक माणूस बटण दाबताना', 'एक माणूस पट्टा तपासताना'. तटस्थ शब्द म्हणून मुद्दाम 'माणूस'. तर अकरा चित्रांत अकरा मिशा. मराठीत माणूस म्हटलं की त्याला मिशा येतात. बाई पाहिजे तर 'बाईमाणूस' असं वेगळं सांगावं लागतं, हे मला ५८ वर्षांच्या आयुष्यात कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. बाराव्या चित्रात एक बाई होती. कमरेवर डबा घेऊन दळणाच्या रांगेत उभी. तिचं चित्र मात्र सुरेख आलं होतं.

"बचत गटाच्या गिरणीत बाई ती रांगेतली एवढीच," त्या शांतपणे म्हणाल्या. "चालवतोय कोण मग? हे अकराजण कुठनं आणलाय? गटात तर न्हाईत."

आणि त्या शांतपणाचा बांध पान चौदावर फुटला. तिथे मी लिहिलं होतं : 'उंचीअभावी अडचण जाणवल्यास स्टुलाचा वापर करण्यात यावा.' जुन्या फ्रेमला वरचं धान्याचं तोंड अशा उंचीवर होतं की चित्रातल्या मिशीवाल्याचा हात सहज पोचावा. या बाई नोकरीला लागल्या तेव्हा पहिल्याच दिवशी २० किलोचा डबा घेऊन तिथे पोचल्या आणि हात काही पोचला नाही. साडेतीन वर्षं भांडून त्यांनी ती फ्रेम चार इंच खाली आणली. नव्या ड्रॉइंगमध्ये ते माप होतंही. मला पाठवलं होतं आणि मी ते आकडे जसेच्या तसे तक्त्यात उतरवले होते. उंची कमी का झाली, हा प्रश्न मला पडला नव्हता. स्टूल मात्र मला सुचलं होतं.

"चालत्या पट्ट्याशेजारी, स्टुलावर चढून, २० किलो डोक्याच्या वर? हे कुणी लिहिलंय?"

"मी लिहिलं," मी म्हणालो. कर्मणी प्रयोग. गुन्हेगाराचं लिंग कळत नाही, पण ते एव्हाना लपवण्यासारखं उरलंही नव्हतं.

शेवटी भाषा. 'पट्टा योग्य प्रमाणात ताणला गेलेला असल्याची खात्री करण्यात यावी' हे वाक्य त्यांनी दोनदा मोठ्याने वाचलं. बाहेरून ते पट्ट्या मोजणारे बाबाही ऐकायला आले. मग त्यांनी त्यावर रेघ मारून लिहिलं : 'पट्टा ताणून बघा.'

बघा. दाबा. ओता. थांबा. हात लावू नका. मी त्या शब्दांकडे बघत राहिलो. आज्ञार्थ! ना तो, ना ती, ना तिरकी रेघ, ना टीप. बाई असो, बाप्या असो, 'बघा' म्हटलं की दोघांनीही बघायचं. दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण १८३६ साली छापलं, दामल्यांनी १९११ साली, आणि त्यांच्याही आधीपासून या भाषेतली प्रत्येक आई सकाळपासून रात्रीपर्यंत मुलगा-मुलगी न बघता आज्ञार्थातच बोलत आलेली आहे. माझी तर फारच. दळण आण. डबा पूस. गिरणीत पट्ट्याजवळ उभा राहू नकोस. (यातल्या 'उभा'कडे बोट दाखवू नका; मी आत्ताच सावरतोय.)

४० पानांची पुस्तिका २२ पानांवर आली. मला पानामागे पैसे मिळतात.

"जेवायला घरी चला," त्या म्हणाल्या. "वहिनीनं सांगितलंय, आणल्याशिवाय सोडू नको."

मी दचकलो. "वहिनी?"

"तुमी नमस्कार पाठवता न्हवं दर वेळी? माझ्या भावाची बायको. एकच वहिनी हाय मला. प्रत्येक वेळी सांगितलोय."

दोन खोल्या पलीकडेच घर होतं. वहिनी दारातच उभ्या होत्या, चेहऱ्यावर न मावणारं कुतूहल. "तुमीच काय ते नमस्कारवाले?" त्यांनी विचारलं. खणाचा ब्लाउजपीस मी त्यांच्या हातात दिला. या एका गोष्टीत तरी पत्ता बरोबर निघाला. भाऊ आतून रश्श्याचं पातेलं घेऊन आले. पैलवानी बांधा. त्यांनी माझ्या वाटीत पांढरा रस्सा वाढला, समोर मांडी घातली आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

"सात महिने," मग ते म्हणाले. "आठवड्याला एक. पुण्यासनं आमच्या हिला नमस्कार. मी म्हणालो, येऊ दे एकदा. बघूया तरी."

मी सगळं सांगितलं. 'बघतो'पासून. भाऊ ऐकत होते, मध्येच रस्सा वाढत होते. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. इंजिनिअरबाई जेवत होत्या; त्यांना दोन वाजता पुन्हा पुली बघायची होती. सगळं ऐकून झाल्यावर भावाने एकच प्रश्न विचारला, "म्हणजे हिनं 'बघते' म्हटलं असतं तर तुमी भाऊजींना नमस्कार धाडला असता?"

मी तांबडा रस्सा मागून घेतला.

रात्री दीडला घरी पोचलो. बायको जागी होती, मोबाइल टेबलावर ठेवून मी पाणी प्यायला वळलो आणि तेवढ्यात तो वाजला. जात्याचं चित्र. बायकोने चष्मा चढवून वाचलं : 'पोचलाय का? वहिनींनी नमस्कार सांगितलाय. खण आवडला.'

"कुठल्या वहिनी?" ती म्हणाली. "आणि खण कुणाला?"

मी खुर्ची ओढली आणि कर्मणी प्रयोगापासून सुरुवात केली.